एक सर्व्हर, तेवीस मशीन : व्हर्च्युअल मशीनला रॅम, कोअर आणि डिस्क कशी वाटावी?



आजचा पाठ आमच्या संगणक प्रयोगशाळेतल्या एका फजितीपासून सुरू करतो. आमची शाळा-कनिष्ठ महाविद्यालय वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. फेब्रुवारीचा सोमवार, बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक खुर्चीवर बसलेले. अकरा वाजून वीस मिनिटांनी मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, माहं मशीन हलूनच नाही राहिलं." मी उठेपर्यंत दुसरा, मग तिसरा. पाच मिनिटांत वीसपैकी वीस स्क्रीन थिजल्या. माऊस फिरत नव्हता, की-बोर्डवरचं अक्षर उमटत नव्हतं.

या वीसही मुलांसमोर जे संगणक होते ते जुने, २ जीबी रॅमवाले. ते फक्त खिडकीचं काम करतात. मुलं ज्यावर प्रत्यक्ष प्रोग्राम लिहीत होती ती वीस मशीन कोपऱ्यातल्या एकाच सर्व्हरच्या पोटात होती. त्यांनाच आपण व्हर्च्युअल मशीन म्हणतो, म्हणजे आभासी संगणक. त्यामुळे वीस संगणक बिघडले नव्हते. एकच गोष्ट कुठेतरी संपली होती. काय संपलं होतं, ते कळायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि त्या पंधरा मिनिटांत मी तीन मुलांचं नुकसान केलं. ते कसं, हे पुढे सांगतो. आधी थोडी मांडणी समजून घेऊ.

एका यंत्रात अनेक यंत्रं

महागडं यंत्र एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशभरातले संशोधक आपापली छिद्रं पाडलेली कार्डं घेऊन तिथे पाळीची वाट पाहत. पाळीऐवजी प्रत्येकाला 'हा संगणक माझाच आहे' असं वाटावं, अशी सोय आयबीएमने त्याच दशकात प्रयोग म्हणून केली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकांच्या प्रोसेसरमध्ये यासाठी खास सोय यायला मात्र २००५-०६ साल उजाडलं. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम नावाचा भाग जोडला गेला, आणि तेव्हापासून कुठलाही लिनक्स संगणक दुसऱ्या संगणकांना आपल्या पोटात घर देऊ शकतो.

जो खरा संगणक तो होस्ट, म्हणजे घरमालक. त्याच्या आत चालणारा तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याला वाटतं, आपल्याला २ कोअर आहेत, २ जीबी रॅम आहे, २० जीबीची डिस्क आहे. तो त्याच समजुतीत विंडोज नाहीतर लिनक्स चालवतो.

आम्ही यासाठी प्रॉक्समॉक्स व्हीई हे सॉफ्टवेअर वापरतो. व्हिएन्नातल्या एका कंपनीचं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पहिली आवृत्ती २००८ ची. डेबियन लिनक्सवर उभं आहे, आत केव्हीएमच आहे. फुकट वापरलं तर लॉगिन करताना 'तुमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही' अशी पाटी येते, ती बंद करून पुढे जायचं, काम अडत नाही. याआधी बऱ्याच ठिकाणी व्हीएमवेअरचं मोफत ईएसएक्सआय वापरत. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीला ती मोफत आवृत्ती बंद झाली. पुढे २०२५ मध्ये एक मोफत आवृत्ती परत आली म्हणा, पण तोवर अनेकांनी घर बदललं होतं. आपण शिकताना नावाला फार चिकटू नये. बटणाची जागा बदलते, हिशोब तोच राहतो.

आणि हा हिशोब फक्त प्रयोगशाळेचा नाही बरं का. केंद्र सरकारचा 'मेघराज' क्लाऊड २०१४ मध्ये सुरू झाला. दाखला काढताना, निकाल पाहताना, शिक्षकांनी माहिती भरताना आपण ज्या सरकारी संकेतस्थळांवर जातो, त्यातली कितीतरी अशाच आभासी यंत्रांवर चालतात. शेवटच्या तारखेच्या रात्री एखादं पोर्टल गोल-गोल फिरत बसतं ना, तेव्हा कुठेतरी कोणीतरी असाच एक पडदा उघडून बसलेलं असतं आणि रॅम वाढवावी की कोअर, याचा विचार करत असतं.

पडद्यावर काय दिसतं

प्रयोगशाळेतल्या कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये होस्टचा आयपी पत्ता आणि पुढे ८००६ हा पोर्ट क्रमांक टाकला की व्यवस्थापनाचा पडदा उघडतो. डावीकडे झाड : वर 'डेटासेंटर', त्याखाली होस्टचं नाव, त्याखाली क्रमांकासह मशीन. क्रमांक १०० पासून सुरू होतात. उजवीकडे निवडलेल्या वस्तूची माहिती, आणि अगदी खाली कामांची नोंदवही. कोणी, किती वाजता, कोणतं मशीन चालू केलं, बंद केलं, ते तिथे लिहिलं जातं. "सर, मी नाही केलं," असं म्हणणाऱ्याला ही नोंदवही दाखवावी.

होस्टवर टिचकी मारून 'समरी' उघडलं की चार आकडे दिसतात : प्रोसेसर किती टक्के वापरात, आयओ डिले किती, रॅम किती, डिस्क किती. पण एक फसवी गोष्ट इथे आहे. या पानावर दिसणारी डिस्क ही होस्टची स्वतःची राहायची खोली असते. पाहुण्यांच्या डिस्का जिथे ठेवल्या आहेत ती कोठी वेगळी असते. साध्या बसवणीत तिचं नाव 'लोकल-एलव्हीएम'. तिचा आकडा पाहायला डावीकडच्या झाडात त्या नावावरच टिचकी मारावी लागते. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी समरी पाहिली होती. डिस्क २८ टक्के. सगळं छान! चुकीच्या खोलीत डोकावून मी समाधानाने चहा प्यायला गेलो.

डिस्क : पत्रिका किती, स्वयंपाक किती

आमच्या सर्व्हरला ४८० जीबीची एसएसडी आहे. होस्टचं सगळं वजा जाता पाहुण्यांच्या कोठीला साधारण ३५० जीबी उरली. आता मी दिलेलं पाहा. वीस विद्यार्थी मशीन, प्रत्येकी २० जीबी, म्हणजे ४००. शिक्षकांचं एक, ८०. हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायला विंडोजचं एक, १००. ग्रंथालयाचं एक, ४०. ज्याच्यावरून वीस मशीन छापली तो मूळ साचा, म्हणजे टेम्प्लेट, २०. बेरीज ६४० जीबी. कोठी ३५० ची, वचनं ६४० ची!

हे चुकून झालेलं नाही. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. पाहुण्याला २० जीबीची डिस्क दाखवायची, पण प्रत्यक्षात तो जेवढं लिहील तेवढीच जागा द्यायची. आपल्याकडे लग्नात काय करतात? पत्रिका ५०० वाटतात आणि आचाऱ्याला ३५० पानांचा स्वयंपाक सांगतात. सगळे येत नाहीत, हा अनुभव असतो. अंदाज बरोबर असेल तर अन्न वाया जात नाही. पण एखाद्या वर्षी सगळेच आले तर शेवटच्या पंगतीला वरण पुरत नाही, आणि तेव्हा पत्रिकेवर किती माणसं लिहिली होती याला काही अर्थ उरत नाही.

जूनमध्ये आमचं वापरलेलं असं होतं : साचा १४, विद्यार्थ्यांची मशीन प्रत्येकी ४ प्रमाणे ८०, शिक्षकांचं ४०, विंडोज ६०, ग्रंथालय २०. एकूण २१४. अजून १३६ जीबी मोकळी. विद्यार्थ्यांची मशीन इतकी कमी जागा का घेतात? कारण ती 'लिंक्ड क्लोन' आहेत. साचा एकच, प्रत्येक मशीनने साच्यापेक्षा वेगळं जे काही लिहिलं तेवढंच त्याच्या नावे साठतं. 'फुल क्लोन' केले असते तर प्रत्येकात साच्याचे १४ जीबी पुन्हा उतरले असते, म्हणजे नुसत्या विद्यार्थ्यांनाच २८० जीबी लागले असते. लिंक्ड क्लोनची अट एकच : साचा काढता येत नाही. मुळावर घाव घातला तर फांद्या कशा राहणार!

फेब्रुवारीपर्यंत मुलांनी काम केलं, अपडेट झाले, ब्राउझरने आपला कचरा साठवला. प्रत्येक मशीन ८ जीबीवर गेलं, म्हणजे १६०. इतर तिघांचे मिळून १४२, साचा १४. झाले ३१६. कोठी नव्वद टक्के भरली होती आणि मला पत्ता नव्हता. तरीही ३४ जीबी शिल्लक होते. परीक्षा निघून गेली असती.

मग रविवारी संध्याकाळी मी खबरदारी घेतली. तीच नडली.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

उद्या परीक्षा, काही झालं तर मागे जाता यावं, म्हणून मी वीसही मशीन चालू केली, सगळं ठीक आहे ना पाहिलं, आणि प्रत्येकाचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी मशीन कसं होतं याची खूण. पुढे काही बिघडलं तर 'रोलबॅक' करून त्या खुणेपर्यंत मागे जाता येतं. मशीन चालू असताना स्नॅपशॉट घेतला तर चौकटीत 'रॅमसहित' अशी एक टिक आधीच मारलेली येते. ती मी काढली नाही. म्हणजे काय झालं, तर प्रत्येक मशीनच्या रॅममध्ये त्या वेळी जे होतं, साधारण दीड जीबी, ते सगळं त्याच कोठीत उतरवून ठेवलं गेलं. २० गुणिले १.५ बरोबर ३०. ३१६ अधिक ३०, ३४६. उरले ४ जीबी, वीस मशीनमध्ये. प्रत्येकाच्या वाट्याला २०० एमबी.

सोमवारी सकाळी वीस मशीन उठली, नोंदी लिहू लागली, ब्राउझर उघडले, आणि अकरा वीसला कोठी शंभर टक्के भरली.

स्नॅपशॉटचं अजून एक. तो घेताक्षणी फारशी जागा घेत नाही (रॅमची टिक काढली असेल तर), पण त्यानंतर मशीनमध्ये जे बदलतं त्याची जुनी प्रतही जपून ठेवावी लागते. म्हणून पोरांनी फाइल पुसली तरी कोठीत जागा होत नाही. स्नॅपशॉटला ती फाइल हवी असते. जुने स्नॅपशॉट काढणं हे झाडलोटीसारखं काम आहे. आणि तो मूळ डिस्कवरच राहतो. डिस्क गेली तर खूणही गेली. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवलेली पूर्ण प्रत. 'डेटासेंटर'खाली 'बॅकअप' मध्ये वार, वेळ, किती जुन्या प्रती ठेवायच्या ते लावता येतं. आम्ही दर शनिवारी रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतो. महिन्यातून एकदा त्यातलं एखादं मशीन नव्या क्रमांकावर परत उभं करून पाहतो. बॅकअप घेतला होता पण उघडलाच नाही, असं ऐन वेळी कळायला नको.

त्या दिवशी मी काय चुकलो

डावीकडच्या झाडात वीस मशीनच्या चित्रांवर पिवळा त्रिकोण आला होता आणि स्थितीत 'आयओ-एरर' लिहिलं होतं. याचा अर्थ : पाहुण्याला लिहायचं होतं, होस्टकडे जागा नव्हती, म्हणून होस्टने पाहुण्याला आहे त्या जागी थांबवून ठेवलं. मेला नाही, थांबला. त्याच्या रॅममध्ये मुलाने टाइप केलेली शेवटची ओळसुद्धा तशीच शाबूत आहे.

मला हे तेव्हा सुचलं नाही. मी आपली घरगुती रीत केली : लटकलं की बंद करून चालू करा. पहिल्या तीन मशीनवर 'स्टॉप' दाबलं. 'स्टॉप' म्हणजे प्लग ओढणं. रॅममधलं सगळं गेलं, आणि मशीन पुन्हा उठेना, कारण उठायलाही थोडं लिहावं लागतं. तीन मुलांची चाळीस-पन्नास मिनिटांची मेहनत माझ्या हाताने पुसली. चौथ्यावर बोट ठेवलं तेव्हा ग्रंथालय सांभाळणाऱ्या मॅडम धावत आल्या, "सर, आपलंही थांबलं." ग्रंथालयाच्या मशीनचा आणि परीक्षेचा काही संबंध नाही, मग ते का थांबलं? तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की खाली काहीतरी सामाईक संपलंय.

मग 'लोकल-एलव्हीएम' वर टिचकी मारली. लाल पट्टी, १०० टक्के. कालचे स्नॅपशॉट एकेक करून काढले. आठ-दहा निघाले तशी जागा मोकळी झाली. मग थांबलेल्या मशीनवर 'रिझ्यूम'. सतरा मशीन, जिथे थांबली होती त्याच अक्षरावर पुढे सुरू झाली. वर्गात हुश्श झालं. उरलेल्या तिघांना परीक्षकांनी वेळ वाढवून दिला. त्यातल्या एका मुलीने पूर्ण प्रोग्राम आठवणीने पुन्हा लिहिला आणि सतराजणांतल्या निम्म्यांच्या आधी उठली. मी तिला काय बोललो ते आठवत नाही. परीक्षा संपल्यावर तिघांचीही माफी मागितली.

म्हणून क्रम पक्का करा : आयओ-एरर दिसला की 'स्टॉप' नाही, 'रिसेट' नाही. आधी कोठी पाहा, जागा करा, मग 'रिझ्यूम'. जागा करताना काय काढायचं? ज्याच्यावाचून आज अडत नाही ते. आणि काढताना दोनदा वाचा. मशीनच काढायचं असेल तर पडदा तुम्हाला त्याचा क्रमांक स्वतः टाइप करायला लावतो, ते उगाच नाही. महत्त्वाच्या मशीनच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'प्रोटेक्शन' लावून ठेवलं तर ते चुकूनही निघत नाही.

आता मी कोठीचा आकडा दर शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. ८० टक्के ओलांडले की आवराआवर. होस्टच्या 'डिस्क्स' मध्ये 'एलव्हीएम-थिन' हे पान आहे, तिथे जागेशेजारी 'मेटाडेटा' असा अजून एक आकडा असतो. कोणता तुकडा कुणाचा, याची ती वही. वही भरली तरी कोठी बंद पडते, म्हणून दोन्ही आकडे पाहायचे.

मशीनच्या डिस्कवर 'डिसकार्ड' ही टिकही आता लावली आहे. ती नसेल तर पाहुण्याने फाइल पुसली हे होस्टला कळतच नाही. पाहुणा म्हणतो जागा मोकळी, होस्ट म्हणतो भरलेली. टिक लावून मशीनच्या आत अधूनमधून एफएसट्रिम चालवलं की जागा खरोखर कोठीत परत येते. आणि डिस्क देताना हात आखडता ठेवा. 'रिसाइझ' ने ती केव्हाही वाढवता येते (वाढवल्यावर आतलं पार्टिशनही वाढवावं लागतं, हे विसरू नका), पण या पडद्यावरून कमी करता येत नाही.

रॅम : उधारी थोडीच

आमच्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे. वीस मशीनना २ प्रमाणे ४०, विंडोजला ६, शिक्षकांना ४, ग्रंथालयाला २. एकूण ५२. होस्टला स्वतःला ४ धरा. ५६ झाले. इथे मी वचनं मुद्दल्याच्या आत ठेवली आहेत. डिस्क भरली तर मशीन थांबतात. रॅम खरंच संपली तर लिनक्स सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्यांपैकी एखाद्याला मारून टाकतं, आणि होस्टच्या नजरेत प्रत्येक मशीन म्हणजे एक प्रोग्रामच. म्हणजे कोणाचा बळी जाईल? बहुधा ६ जीबीवाल्या विंडोजचा. सूचना नाही, 'रिझ्यूम' नाही.

तरी थोडी लवचिकता ठेवता येते. मशीनच्या 'हार्डवेअर' मध्ये 'मेमरी' उघडा. तिथे कमाल आणि किमान असे दोन आकडे देता येतात. आम्ही कमाल २, किमान १ जीबी ठेवली. याला बलूनिंग म्हणतात. होस्टची रॅम ८० टक्क्यांच्या खाली असेल तोवर पाहुण्याला कमालपर्यंत मिळत राहते. वर गेली की त्याच्या पोटात एक फुगा फुगवून जास्तीची रॅम परत मागितली जाते, पण किमानाच्या खाली नाही. आमच्याकडे चार भावांत एक विहीर असते ना, तसं समजा. पाणी भरपूर असेल तोवर ज्याला जेवढं लागेल तेवढं ओलीत करा. पाणी खाली गेलं की ठरलेली पाळी, पण कोणाचीच पऱ्हाटी वाळू द्यायची नाही. मात्र फुगा फुगायला पाहुण्याचं सहकार्य लागतं. लिनक्समध्ये ते असतंच, विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर टाकावा लागतो. आमच्या विंडोजमध्ये तो वर्षभर नव्हता. भाऊ पाळी मानतच नव्हता!

वीस मशीन एकाच साच्यातली असल्याने त्यांच्या रॅममध्ये बरीच पानं सारखीच असतात. होस्ट ती ओळखून एकच प्रत ठेवतो. हे केएसएम. रॅम भरत आली की ते आपोआप कामाला लागतं. आम्हाला त्याचा फायदा होतो, पण अनोळखी लोकांची मशीन शेजारी-शेजारी असतील तिथे सुरक्षिततेसाठी ते बंद ठेवतात.

कोअर

इथे निर्धास्त राहा. आमच्या प्रोसेसरला १६ धागे आहेत आणि मी वाटलेत ४८. चालतं. कारण जागा अडून बसते, वेळ अडून बसत नाही. टाइप करणारा मुलगा प्रोसेसरचा बहुतेक वेळ रिकामाच सोडतो. सगळ्यांनी एकदम मागितला तर सगळे थोडे हळू होतात, मरत नाही कोणी.

त्रास होतो तो न संपणाऱ्या लूपचा. पायथॉनमध्ये 'व्हाइल ट्रू' लिहून बाहेर पडायची अट विसरली की एक कोअर पूर्ण खाल्ला जातो. नवीन बॅच असली की एका तासाला अशी सहा-सात मशीन सापडतात. 'प्रोसेसर्स' मध्ये 'सीपीयू लिमिट' १ ठेवलं की दोन कोअर दिसूनही मशीन एका कोअरइतकाच वेळ घेतं. त्याच चौकटीतलं 'सीपीयू युनिट्स' म्हणजे वजन. ओढाताण झाली तर ज्याचं वजन जास्त त्याला जास्त वाटा. ग्रंथालयाचं वजन आम्ही दुप्पट ठेवलंय. पुस्तक देता-घेताना रांगेत उभ्या पोराला अकरावीच्या लूपशी काय करायचंय?

वीज, ऊन आणि चाव्या

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही. यूपीएस किती वेळ टिकला पाहिजे? होस्टला बंद व्हायला सांगितलं की तो आधी पाहुण्यांना 'शटडाऊन' सांगतो आणि न ऐकणाऱ्याची मूळ मांडणीत १८० सेकंद वाट पाहतो. म्हणजे तीन मिनिटं, त्यात होस्टचं स्वतःचं बंद होणं. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांपेक्षा कमी टिकत असेल तर ती बदलायला आली असं आम्ही धरतो.

लाइन आल्यावर दुसरी गंमत. वीसही मशीन एकदम उठायला निघतात, प्रोसेसर १५ टक्क्यांवर आणि 'आयओ डिले' मात्र उसळलेला. म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे, पण डिस्क येण्याची वाट बघत बसलाय. अशा वेळी कोअर वाढवून काडीचाही उपयोग नाही. 'ऑप्शन्स' मध्ये 'स्टार्ट/शटडाऊन ऑर्डर' देऊन प्रत्येकात थोडं अंतर ठेवा. आमच्याकडे ग्रंथालय आधी, मग शिक्षक, मग पंधरा-पंधरा सेकंदांनी विद्यार्थी. तेवढ्यात हजेरी होते.

चाव्यांबद्दल एकच. सुरुवातीला सगळे 'रूट' नेच लॉगिन करायचे आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा, माझ्याच अक्षरात! आता प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं खातं आहे आणि त्याला फक्त त्याच्या मशीनवर 'पीव्हीई-व्हीएम-यूजर' ही भूमिका दिली आहे. त्याला आपलं मशीन दिसतं, चालू-बंद करता येतं, पडदा उघडता येतो. रॅम वाढवता येत नाही, शेजारच्याचं मशीन दिसतही नाही. सहकारी शिक्षकांना आकडे फक्त पाहायचे असतील तर 'ऑडिटर' ही भूमिका आहे.

स्वाध्याय

१. एका होस्टला ३२ जीबी रॅम आहे. होस्टसाठी ४ जीबी राखून, कमाल २ आणि किमान १ जीबीची किती मशीन निर्धास्तपणे ठेवता येतील? सगळी किमानावर आली तर किती? दोन्ही उत्तरांपैकी परीक्षेच्या दिवशी तुम्ही कोणतं धराल आणि का?

२. ५०० जीबीच्या कोठीत आज २६० जीबी वापरात आहेत. दर आठवड्याला १२ जीबी वाढतात. ८० टक्क्यांची रेषा कितव्या आठवड्यात ओलांडली जाईल? पाचव्या आठवड्यात कोणी दीड-दीड जीबीचे वीस 'रॅमसहित' स्नॅपशॉट घेतले आणि काढलेच नाहीत, तर?

३. 'समरी' मध्ये प्रोसेसर १२ टक्के, रॅम ६० टक्के, आयओ डिले ४५ टक्के. मुलं म्हणतात, "सर, लई स्लो होऊन राहिलं." तुम्ही आधी काय तपासाल?

४. आपल्या शाळेच्या सर्व्हरचे दोन रकाने वहीत मांडा : एकात कबूल केलेली जागा, दुसऱ्यात वापरलेली. सर्व्हर नसेल तर आमच्या जून आणि फेब्रुवारीच्या आकड्यांवरून मांडा, आणि मी कोणत्या महिन्यात सावध व्हायला हवं होतं ते सांगा.